घरच्या कचऱ्यात असते तरी काय? नार्वे ते पणजी एक आढावा

रोज सकाळी घरातून बाहेर पडणाऱ्या कचऱ्यात नेमके काय आणि किती असते? प्रश्न साधा वाटतो. पण पालिकेची कोट्यवधींची यंत्रे, गाड्यांच्या फेऱ्या, सफाई कामगारांचे आरोग्य आणि नदीचे पाणी याच्याच उत्तरावर अवलंबून असते. कुणालाही विचारले तर ‘प्लास्टिक’ हे उत्तर येते. तराजूवर ठेवले की मात्र चित्र बदलते.

डिचोली तालुक्यातल्या नार्व्यातून या प्रश्नाकडे पाहिले तर तो नीट कळतो. हे श्री सप्तकोटेश्वराचे गाव. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेले इथले देऊळ अलीकडे पुन्हा दुरुस्त होऊन २०२३ मध्ये भाविकांसाठी खुले झाले. समोर नदी, फेरीबोटीने पलीकडे दिवाडी, तालुक्यात कुळागरे आणि खाणीही. गावपण अजून टिकून आहे, पण घरात येणारे सामान शहरातलेच आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी ठरली, देशातल्या सर्व राज्यांत सर्वाधिक. त्यामुळे शहरी कचऱ्याचा विषय इथे पणजी-मडगावपाशी थांबत नाही, तो नार्वे, मये, पिळगावपर्यंत येतो.

मोजतात कसे

कचऱ्यातले घटक ठरवण्याची रीत कष्टाची आहे. वेगवेगळ्या वस्त्यांतून नमुने आणायचे, ताडपत्रीवर कालवून त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन काढून टाकायचे आणि उरलेले पुन्हा मिसळायचे. असे करत हाताळता येईल एवढा ढीग राहिला की तो हाताने निवडायचा आणि प्रत्येक जिन्नस वेगळा तोलायचा. त्यानंतर प्रयोगशाळेत ओलावा, जळताना मिळणारी उष्णता आणि कार्बन-नायट्रोजनचे प्रमाण काढतात. एका ऋतूत केलेली मोजणी दुसऱ्या ऋतूला लागू पडत नाही, म्हणून ती उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा या तिन्हींत करावी लागते.

देशपातळीवर नागपूरची ‘नीरी’ म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी हे काम केले. १९९६ च्या आकड्यांत शहरी कचऱ्यातला कुजणारा भाग ४२ टक्के, कागद साडेतीन टक्क्यांच्या जरा वर आणि प्लास्टिक जेमतेम ०.६ टक्के होते. माती, राख, खडी मिळून सुमारे ४५ टक्के. २००५ च्या आकड्यांत कुजणारा भाग ४७ टक्क्यांवर, कागद ८ टक्क्यांवर गेला, माती-राख २५ टक्क्यांवर उतरली आणि प्लास्टिक-रबर मिळून ९ टक्क्यांच्या वर पोचले. दोन्ही वेळची वर्गवारी अगदी सारखी नाही, तरी कल स्पष्ट आहे. चुली विझल्या, गॅस आला, अंगणे सिमेंटची झाली, दुकानातला माल कागदी पुडीतून सुटून पाकिटात बंद झाला. घराच्या राहणीतला बदल सर्वांत आधी कचऱ्यात उमटतो.

२००४-०५ च्या सर्वेक्षणात ३५ महानगरे आणि २४ राजधान्या अशी ५९ शहरे घेतली होती, आणि त्यांत पणजीही होती. पणजीत माणशी दररोज सुमारे ५४० ग्रॅम कचरा निघाला. त्यातला जवळपास ६२ टक्के खत होऊ शकेल असा होता आणि १७ टक्के पुन्हा वापरात जाण्याजोगा. नाशिकमध्ये खत होणारा भाग ४० टक्क्यांच्या आसपास होता. एकाच देशातल्या, एकाच सर्वेक्षणातल्या दोन शहरांत एवढी तफावत असेल तर ‘भारतातला सरासरी कचरा’ गृहीत धरून एखाद्या गावाचा प्रकल्प आखणे धोक्याचे आहे.

पणजीच्या त्या आकड्यांचा सरळ अर्थ असा की शंभर किलोंतले सुमारे ६२ किलो मातीत जिरू शकतात, १७ किलो कारखान्यात परत जाऊ शकतात आणि खरी विल्हेवाट लावावी लागते ती उरलेल्या २१ किलोंची. सगळे एकत्र ओतले की हे तीन हिशेब एक होतात आणि शंभरच्या शंभर किलो अंगावर येतात.

जगाचा अनुभव

वर्गीकरण ही आजची कल्पना नाही. पॅरिसचे प्रशासक युजेन पूबेल यांनी १८८४ मध्ये घरमालकांना झाकणाची भांडी ठेवायला लावली, तेव्हा एक भांडे कुजणाऱ्या वस्तूंसाठी, दुसरे कागद-चिंध्यांसाठी आणि तिसरे काच, फुटकी भांडी व कालवांच्या शिंपल्यांसाठी होते. त्याच शतकातल्या लंडनच्या कचऱ्यात कोळशाची राख एवढी असे की ती वेगळी काढून विटा करणाऱ्यांना विकली जाई.

कचऱ्याचे पृथक्करण हे समाज समजून घेण्याचे साधन आहे, हे विसाव्या शतकात विल्यम रॅथजी या पुरातत्त्वज्ञाने दाखवले. ॲरिझोना विद्यापीठात १९७३ पासून त्यांनी टूसॉन शहरातल्या घरांचा कचरा निवडून नोंदवला. लोक तोंडी सांगत ते आणि टोपलीत सापडे ते जुळेना, दारूच्या बाबतीत तर विशेषच. पुढे त्यांनी जुने कचरा-भराव खणले, तेव्हा दशकांपूर्वीची वर्तमानपत्रे वाचता येतील अशा अवस्थेत मिळाली. हवा-पाणी पोचत नाही तिथे कागदही सहज कुजत नाही. ‘पुरले की माती होते’ या समजुतीला त्या खोदकामाने धक्का दिला.

जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार २०१६ साली जगात २०१ कोटी टन घनकचरा निघाला. त्यात अन्न आणि पालापाचोळा ४४ टक्के, कागद-पुठ्ठा १७ टक्के आणि प्लास्टिक १२ टक्के होते. श्रीमंत देशांत कुजणारा भाग ३२ टक्क्यांच्या आसपास आहे, गरीब देशांत तो निम्म्याहून जास्त आहे. हा फरक यंत्रे विकत घेताना विसरला जातो. युरोपात कचरा जाळून वीज करणारी भट्टी चालते, कारण तिच्यात कोरडा कागद आणि वेष्टने पडतात. पणजीच्या त्या नमुन्यांत ओलावाच ४७ टक्के होता. एका टनात ४७० किलो पाणी असेल, तर जळणाची बरीच ताकद ते पाणी वाळवण्यातच जाते.

गोव्याच्या टोपलीत काय असते

राष्ट्रीय तक्त्यांत ‘कुजणारा’ असा एकच रकाना असतो. गोव्याच्या घरातला ओला कचरा त्या एका रकान्यात मावत नाही.

पहिला मान नारळाचा. रोजच्या हुमणाला नारळ लागतो आणि त्यामागे करवंटी, सोडण, काथ्या राहतो. तिन्ही वनस्पतिजन्य आहेत, पण भाजीच्या देठांसारखे महिन्या-दोन महिन्यांत कुजत नाहीत. काथ्याचे तंतू यंत्रात गुंडाळून बसतात. पूर्वी सोडणे न्हाणीच्या चुलीत जात, करवंटीचा विस्तव होई आणि राख भांड्यांना किंवा आळ्यांना लागे. न्हाणीत गीझर बसला आणि हे जळण कचऱ्याच्या गाडीत चढले.

दुसरी मासळी. बांगड्या-तारल्यांची डोकी, आतडी, कोळंबीची साले यांत नायट्रोजन भरपूर असतो, म्हणून त्यांना लवकर वास सुटतो. कुत्री, डुकरे पिशव्या फोडतात त्या बहुधा यासाठीच. माडाच्या मुळाशी खोल पुरले की हेच उत्तम खत होते, आणि किनाऱ्यावरची जुनी माणसे तेच करत. तिसऱ्या, खुबे आणि कालवांच्या शिंपल्या मात्र कुजत नाहीत, त्या चुनखडीच्या असतात. बायोगॅसच्या टाकीत पडल्या तर तळाशी साचतात. किनारपट्टीवर शिंपल्या भाजून चुना करण्याची रीत होती. पूबेल यांनी पॅरिसमध्ये त्यांच्यासाठी काचेसोबत वेगळे भांडे का ठरवले, हे आपल्याकडच्या मासळी खाणाऱ्या घराला लगेच कळावे.

तिसरा पालापाचोळा. झाडलोट करून गोळा झालेली पाने, सुकी चुडते, फणसाची चारखंडे, आंब्याच्या कोयी. मे महिन्यात या भागाचे वजन एकदम वाढते. कुळागरात हा पाला माडा-पोफळींच्या बुंध्याशी पसरतात आणि तो पुढच्या पिकाला अन्न होतो. अंगणात तोच पेटवला जातो, आणि त्या आगीत चिप्सची पाकिटे, बाटल्या जातात तेव्हा विषारी धूर शेजारच्या घरात शिरतो. कचरा उघड्यावर जाळायला नियमांनी बंदी आहे, तरी गावोगाव धूर दिसतोच.

चौथे निर्माल्य आणि सणांचा कचरा. चतुर्थीची माटोळी हे गोव्याचे वैभव. रानातली फळे, कंदमुळे, वेली यांनी ती सजते आणि सगळी मातीत मिसळते. तिच्याभोवती मात्र थर्माकोल, चमकी आणि प्लास्टिकची फुले आली. थर्माकोलच्या सजावटीवर आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताट-वाट्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. नार्व्यात गोकुळाष्टमीला तीर्थस्नानासाठी माणसे जमतात. पूर्वीच्या जत्रेचा कचरा पत्रावळी आणि द्रोणांचा असे, आताच्या जत्रेचा पाण्याच्या बाटल्यांचा आणि वेष्टनांचा आहे. नदी शेजारीच असल्याने काठावर राहिलेले पहिल्या पावसात पाण्यात जाते. मांडवी-जुवारीच्या खाड्यांत सूक्ष्म प्लास्टिक असल्याचे दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासांतून पुढे आले आहे.

पाचवी काच. गोव्यात बाटल्यांचा भार मोठा आहे आणि पर्यटन हे त्याचे एक कारण. पेडणे तालुक्यात याचे दोन चेहरे दिसतात. हरमल, मोरजी, मांद्र्याच्या किनारी हॉटेले, रिकाम्या बाटल्या आणि उरलेले अन्न. आतल्या गावांत नारळ, मासळी आणि पाचोळा. २०२३ च्या सुरुवातीला मोपा विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली, त्यामुळे हा तालुका आणखी बदलणार आहे. एकाच तालुक्यासाठी एकच सरासरी धरली तर ती दोन्ही ठिकाणी चुकेल.

वजनाने थोडे, त्रासाने मोठे

प्लास्टिक वजनात दहा टक्क्यांच्या आसपास असूनही डोळ्यांत भरते, कारण ते हलके आणि फुगीर आहे. गाडीतली जागा ते खाते, गटार ते तुंबवते. त्यातही सगळे प्लास्टिक सारखे नाही. दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, तेलाचा डबा यांना भंगारात भाव मिळतो. बिस्किटे, शाम्पू, गुटखा यांच्या बहुपदरी पाकिटांना मिळत नाही, कारण त्यांतले प्लास्टिक आणि धातूचे थर वेगळे करणे परवडत नाही. गोव्यातले असे पुनर्वापर न होणारे सुके साहित्य गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे जाळण्यासाठी पाठवले जाते. चवीसाठी घेतलेल्या पाच रुपयांच्या पाकिटाचा शेवट दुसऱ्या राज्यातल्या भट्टीत होतो आणि तिथवर पोचवण्याचा खर्च आपण सगळे भरतो.

सॅनिटरी पॅड आणि डायपर हा नवा आणि वाढता भाग आहे. त्यांत कापूस, प्लास्टिक, द्रव शोषणारे रसायन आणि शरीरस्राव एकत्र असतात, म्हणून ते ना ओल्यात बसतात ना सुक्यात. सुक्या कचऱ्यात घातले तर निवडणाऱ्या बाईचा हात त्यावर पडतो. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने असे पुडके कागदात बांधून त्यावर लाल ठिपका काढण्याचे आवाहन केले, ते याच कारणाने. औषधे, बॅटरी, ट्यूबलाइट, रंगाचे डबे वजनाने अगदी थोडे, पण त्यांतले एक फुटून ओल्या कचऱ्यात मिसळले तर सगळे खत शेतात घालायच्या लायकीचे राहत नाही.

कुठे मोजले यावर उत्तर

या विषयातल्या आकड्यांची एक मोठी मर्यादा सांगायलाच हवी. बहुतेक सर्वेक्षणे गाडीत किंवा डेपोवर पोचलेला कचरा मोजतात. घरातून निघताना त्यात वर्तमानपत्रांची रद्दी, बाटल्या, पत्रा, तांबे असते. ते भंगारवाला आणि कचरावेचक आधीच उचलतात. म्हणून तक्त्यांत धातू अर्धा टक्का दिसतो. आपण धातू वापरत नाही असा त्याचा अर्थ नव्हे, कुणीतरी तो आधीच वाचवला असा आहे. पुण्यात १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, तेव्हा या न दिसणाऱ्या श्रमाला प्रथम ओळख मिळाली. या माणसांच्या कामाची नोंद न घेता केलेले कोणतेही पृथक्करण अपुरे आहे.

दुसरी मर्यादा मातीची. रस्त्याची झाडलोट आणि गटारातला गाळ घरगुती कचऱ्याच्याच गाडीत पडला की ‘निष्क्रिय’ भाग फुगतो. तिसरी पावसाची. जूनमध्ये उघड्या गाडीतला पुठ्ठा आणि पाला पाणी पितो, तोच कचरा मेपेक्षा जड भरतो. कंत्राटदाराला टनावर पैसे मिळत असतील तर आपण पावसाच्या पाण्याचेही भाडे देतो.

घटकांवरून उपाय

गोव्याने २०१६ पासून बरेच काही उभारले, हे मान्य करायला हवे. त्या वर्षी साळगावचा प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीची दिवसाला १०० टनांची क्षमता पुढे २५० टनांवर नेली. ओल्या भागापासून तिथे बायोगॅस आणि वीज तयार होते. कचरा व्यवस्थापन महामंडळ आले, काकोड्याला दुसरा मोठा प्रकल्प झाला, कुंडईला जैववैद्यकीय कचऱ्याची सोय झाली. पणजी महापालिकेने रस्त्यावरच्या कुंड्या काढून घरोघरचे संकलन रुजवले आणि वसाहतींतून सोळा प्रकारांपर्यंत वर्गीकरण नेले. न निवडता साठवले की काय होते, हे सोनसोड्याने दाखवले. मडगावच्या त्या डोंगराला मे २०१९ मध्ये लागलेली आग शहराने अनुभवली आहे. ओला कचरा दाबून ठेवला की मिथेन तयार होतो, आणि सुका कचरा त्याच ढिगात जळण म्हणून हजर असतो.

छोट्या गावांना मात्र साळगावपेक्षा वेंगुर्ल्याचा धडा जवळचा आहे. पेडण्याच्या हद्दीपलीकडच्या या सिंधुदुर्गातल्या नगरपरिषदेने रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना वीसहून अधिक प्रकारांत कचरा निवडला, ओल्याचा बायोगॅस केला, प्लास्टिकचे तुकडे रस्त्याच्या डांबरात वापरले आणि कचरा डेपोची जागा लोकांनी पाहायला यावे अशी केली. तिथे यंत्रांपेक्षा घराच्या दारात होणाऱ्या वर्गीकरणाने काम केले.

केंद्रीय मार्गदर्शिका दोन लाखांखालच्या गावांसाठी माणशी दिवसाला २०० ते ३०० ग्रॅम कचरा धरते. २०११ मध्ये सुमारे १७ हजार वस्तीच्या डिचोली शहराला हे माप लावले तर रोजचा कचरा साडेतीन ते पाच टन येतो. पणजीसारखेच प्रमाण धरले तर त्यातले दोन ते तीन टन खत होण्याजोगे. नार्व्यासारख्या गावात, जिथे बहुतेक घरांना परसू आहे, हा भाग गाडीत चढायचे कारणच नाही. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त, सुक्या पाल्यात कार्बन जास्त. दोन्हींचे थर एकावर एक घातले की कार्बन-नायट्रोजनचे प्रमाण खताला लागणाऱ्या पंचवीस-तिसास एकच्या आसपास येते आणि वास येत नाही. जुन्या गायरीचे शास्त्र हेच होते. मासळीचा भाग खोल पुरायचा, करवंट्या वेगळ्या ठेवायच्या, शिंपल्या वेगळ्या.

सुक्या कचऱ्यासाठी राज्याने २०२४ मध्ये अनामत परताव्याची योजना अधिसूचित केली आहे. बाटली किंवा पाकीट घेताना अनामत भरायची आणि रिकामे परत केल्यावर ती परत घ्यायची. ती नीट अमलात आली तर काच आणि प्लास्टिक घरातून कचरा म्हणून बाहेरच पडणार नाही. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी ओला, सुका आणि घातक असे तीन भाग सांगितले होते. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार झाले.

नियम दिल्लीत झाले, प्रकल्प साळगावात झाला, पण नार्व्याच्या कचऱ्यात काय आहे हे नार्व्यालाच मोजावे लागेल. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक काटा, एक ताडपत्री, हातमोजे, शाळेतली काही मुले, शिक्षक आणि पंचायतीचे सफाई कामगार पुरेसे आहेत. मे, जुलै, चतुर्थी आणि जानेवारी असे वर्षातून चार वेळा, प्रत्येक वाड्यावरच्या काही घरांचा आठवड्याचा कचरा तोलून त्याचा तक्ता ग्रामसभेत लावावा. गाडी किती मोठी हवी, फेऱ्या किती, खड्डे किती, कुणाला किती खर्च, हे सगळे त्या तक्त्यावरून ठरवता येईल. डिचोली आणि पेडणे तालुक्यांतल्या पंचायतींनी पुढची कोणतीही यंत्रखरेदी मंजूर करण्याआधी हे मोजमाप करून घ्यावे. आणि ज्यांच्या घराला परसू आहे त्यांनी ते मोजमाप होईपर्यंत थांबू नये. ओला कचरा आजपासून आपल्याच मातीत घालावा आणि गाडीला फक्त कोरडे, धुतलेले, निवडलेले द्यावे.